पडद्याच्या दांडीवरचा अँटेना

हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण दोन हजार अकरा साली बेडोकच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, बाराव्या मजल्यावर, पडद्याच्या दांडीला तांब्याच्या दोन तारा टांगून एका एकाहत्तर वर्षांच्या माणसाने सिंगापूरची सामुद्रधुनी हॉलमध्ये आणून ठेवली होती. अख्खी. टँकर, टगबोटी, पायलट, त्यांची आपसातली भांडणं, सगळ्यांसकट. भिंतीत एक खिळा ठोकला नाही, शेजाऱ्याची झोप मोडली नाही, की सरकारचा एक नियम मोडला नाही. हे शेवटचं तर त्याच्या बायकोलाही खरं वाटत नव्हतं, आणि ती समोरच्या कोचावर बसून सगळं डोळ्यांनी बघत होती.

माणसाचं नाव निशिकांत पेडणेकर. मूळचे वेंगुर्ल्याचे, मग मुलुंडचे, आणि गेली दोन वर्षं मुलीकडे, सिंगापुरात बेडोकला. चौतीस वर्षं त्यांनी जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली होती. कानाला हेडफोन, बोटाखाली मोर्सची कळ. पुढे उपग्रह आले, जहाजावरची ती खुर्चीच गेली, आणि निशिकांतराव घरी आले ते गोष्टींचं गाठोडं घेऊन. आफ्रिकेच्या टोकाशी एक देवमासा शेपटीने पाणी थोपटून त्यांच्या मोर्सला उत्तर द्यायचा, आणि वर स्पेलिंगच्या चुका करायचा. मलाक्काजवळ एकदा वीज अँटेनावरून उतरली ती थेट जहाजाच्या आचाऱ्याच्या कढईत, आणि दोनशे पुऱ्या एका दमात फुगल्या. प्रेमाताईंना या गोष्टी इतक्या पाठ होत्या की त्या मधेच म्हणायच्या, “मागच्या खेपेला तीनशे पुऱ्या होत्या.”

“शंभर जळल्या,” निशिकांतराव म्हणायचे, आणि पुढे चालू लागायचे.

खरं जे कानावर पडायचं ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. कुणाला मुलगी झाली, कुणाची आई गेली, कुठल्या कॅप्टनला मालकाने तारेतून काय सुनावलं, हे सगळं त्यांच्या कानातून जायचं; पण ते बाहेर बोलायचं नाही अशी सही नोकरीच्या पहिल्याच दिवशी घेतलेली होती. कान भरलेले आणि तोंड बांधलेलं. तोंडाला काहीतरी चारा हवा, म्हणून तो देवमासा. आयुष्यभर निशिकांतराव खोटं बोलले आणि आयुष्यात कुणी फसलं नाही, असा त्यांचा स्वच्छ हिशेब होता.

त्या वर्षी मात्र घरात गोष्ट ऐकायला कुणाला उसंत नव्हती. प्रेमाताईंच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. मुलुंडच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवताना ज्या बाई एका दमात अख्खा पचनसंस्थेचा धडा म्हणायच्या, त्यांना आता न्हाणीघरापासून कोचापर्यंत दोनदा थांबावं लागायचं. पावलं सुजायची. झोपताना एक उशी पुरायची तिथे चार लागायला लागल्या, मग बसूनच झोप. डॉक्टरांनी तारीख दिली होती, ती तापामुळे एकदा हुकली, दुसरी पंधरवड्यानंतरच्या गुरुवारची मिळाली. “आता पुढे ढकलू नका,” डॉक्टर म्हणाले होते, आणि हे म्हणताना ते हसले नव्हते.

आणि नेमका तेव्हाच प्रबोध गप्प झाला.

प्रबोध हा धाकटा मुलगा, ‘ऑर्किड मेरिडियन’ नावाच्या टँकरवर सेकंड इंजिनिअर. जहाज सुएझमधून निघालं होतं आणि एडनच्या आखातातून, सोमाली चाच्यांच्या दारावरून, सिंगापूरला यायचं होतं. “आई, या टापूत मेल बंद ठेवतात, उद्यापासून येणार नाहीत, काळजी करू नकोस,” एवढी दोन ओळींची मेल आली, आणि त्यानंतर काही नाही. तन्वी, म्हणजे मुलगी, रोज कंपनीत फोन करायची. कंपनी रोज सांगायची की जहाज उत्तम आहे, फक्त उपग्रहाचं यंत्र बिघडलंय.

“मग झालं तर,” तन्वी म्हणाली. “आई, ते रोज सांगतायत ना!”

“नीतालाही चार दिवस हेच सांगत होते,” प्रेमाताई म्हणाल्या. नीता म्हणजे मुलुंडच्या त्यांच्याच बिल्डिंगमधली. तिच्या नवऱ्याचं जहाज चाच्यांनी धरलं, तेव्हा ती चार दिवस निवांत लोणची घालत बसली होती. “मी त्या टेबलावर आडवी व्हायची नाही. आधी प्रबोधचं कळू दे.”

“अगं, पण ऑपरेशन झाल्यावर कळेलच की!”

“ऑपरेशन झाल्यावर मला कुणी खरं सांगायचं नाही. हृदयाच्या पेशंटशी सगळे गोड बोलतात. तू बोलशील, डॉक्टर बोलेल. आणि हे तर,” नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “यांना काय, निमित्तच पाहिजे. मला जे कळायचं ते आधी कळलं पाहिजे.”

तन्वीने बाबांकडे बघितलं. निशिकांतराव खिडकीकडे बघत होते. समोरच्या दोन ब्लॉकच्या फटीतून पाण्याची एक पट्टी दिसायची, आणि त्या पट्टीत नांगरलेली जहाजं, पाटावर मांडलेल्या करंज्यांसारखी.

“मी ऐकतो,” ते म्हणाले.

“काय ऐकता?”

“सामुद्रधुनीत शिरताना प्रत्येक जहाजाला कंट्रोलला नाव सांगावं लागतं. उघड्या चॅनेलवर. आपल्याला पाणी दिसतं, म्हणजे तो आवाज इथवर येतो. एक रेडिओ स्कॅनर आणतो. ‘ऑर्किड मेरिडियन’ असं तो माणूस म्हणाला, की झालं. कंपनी नको, उपग्रह नको.”

प्रेमाताईंनी विचार केला. विज्ञानाच्या बाई होत्या. “किती लांबचं ऐकू येईल?”

“वीस मैल. फार तर पंचवीस.”

“मागे तुम्ही ब्राझीलचं ऐकलं होतंत.”

“ते मोर्स होतं. आणि ते खोटं होतं.”

चाळीसपेक्षा जास्त वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच कबूल झालं होतं. प्रेमाताईंनी उशी सारखी केली आणि म्हणाल्या, “मग आणा. पण माझ्या पद्धतीने लावायचा.”

निशिकांतरावांना वाटलं होतं, डबा आणायचा, तार बाहेर सोडायची, बटण दाबायचं. पण सगळ्यात आधी परवान्याचा कागद आडवा आला. इथे असं यंत्र घरात ठेवायचं तर आधी विचारायला नको का, असं प्रेमाताईंनी विचारलं, आणि सिम लिम टॉवरमधल्या दुकानदारानेही डबा काचेतून बाहेर काढायच्या आधी तेच विचारलं. 

“एवढासा तर डबा,” निशिकांतराव घरी येऊन कुरकुरले. “कोण बघतंय?”

“तन्वीच्या नोकरीच्या पासचं रिन्युअल आहे ऑगस्टमध्ये. आपण दोघं तिच्या पासवर इथे बसलोय. कागद येईपर्यंत डबा घरात यायचा नाही.”

तन्वीने सरकारी खात्याला ईमेल केली, उत्तर आलं, फॉर्म आला, फॉर्ममध्ये ‘यंत्र कशासाठी हवं’ असा रकाना आला. निशिकांतरावांनी तिथे चांगला दीड पानांचा मजकूर तयार केला, त्यात १९७४ सालचं एक वादळसुद्धा होतं. तन्वीने तो खोडून ‘जहाजांची वाहतूक ऐकण्यासाठी’ एवढंच लिहिलं. नऊ दिवस गेले. नऊ दिवस निशिकांतराव खिडकीशी बसून जहाजं मोजत होते आणि प्रेमाताई बसून झोपत होत्या. मग कागद आला, आणि मग डबा आला.

दुसरा अडथळा बांबूचा. इथल्या जुन्या ब्लॉकमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळवायला लांब बांबू लावायची सोय असते. निशिकांतरावांनी एक रिकामा बांबू हेरून त्याच्या टोकाला अँटेना बांधायला घेतला. अर्धा बाहेर गेला असेल नसेल, तोच दहाव्या मजल्यावरचे कोह वर आले. कोह हे निवृत्त बस ड्रायव्हर. दिवसभर खाली बसून ब्लॉकमध्ये कोण काय करतं हे बघणं, हीच त्यांची आताची ड्यूटी.

“अंकल, कॅनॉट लाह, चालणार नाही!” दारातूनच ते म्हणाले. “बांबू पडला तर खाली माणूस मरेल. कपडे पडले तर निदान कपडेच पडतात.”

“मी जहाजाच्या डोलकाठीवर चढून अँटेना बांधलाय,” निशिकांतराव इंग्रजीत म्हणाले. “तुफानात. एका हाताने. दुसऱ्या हातात चहा होता.”

“इथे खाली समुद्र नाही, अंकल. खाली प्लेग्राउंड आहे.”

आतून प्रेमाताईंचा आवाज आला, दम लागलेला, पण वर्गातला. “ते बरोबर बोलतायत. आत घ्या तो.”

मग तिघांनी मिळून अँटेना आत लावला. म्हणजे कोहनी स्टूल धरलं, प्रेमाताईंनी कोचावरून हुकूम सोडले, आणि निशिकांतराव वर चढले. दीड-दीड फुटाचे तांब्याच्या तारेचे दोन तुकडे, एक वर, एक खाली, मधे केबल. खिडकीच्या लोखंडी गजांपासून दूर, म्हणजे आवाज अडत नाही. नायलॉनच्या दोरीने पडद्याच्या दांडीला टांगलेले. टोकांना, कुणाच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून, प्रेमाताईंनी दोन जुन्या पेनांची टोपणं बसवून घेतली. केबल जमिनीवरून नाही, भिंतीच्या कडेने, कारण त्यांची स्वतःचीच पावलं हल्ली नीट उचलत नव्हती. स्कॅनरचा अडॅप्टर वेगळ्या सॉकेटमध्ये, फ्रिजच्या बोर्डावर नाही. दर तासाला हात लावून बघायचं, गरम होतोय का.

डबा चालू झाला आणि पहिल्याच झटक्याला कुणीतरी दोन माणसं चिनीत काहीतरी खासगी वाद घालताना ऐकू आली. निशिकांतरावांचा चेहरा एकदम फुलला.

“पुढे चला,” प्रेमाताई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही.”

“मला चिनी कळतं कुठे?”

“तुम्हाला न कळलेलंच तुम्ही जास्त सांगता.”

तेव्हा त्यांनी जहाजांचे तेवढे चॅनेल ठेवले आणि बाकी सगळे बंद करून टाकले. आणि मग ती सामुद्रधुनी, आधी म्हटल्याप्रमाणे, हॉलमध्ये आली. कोरियन कॅप्टन, फिलिपिनो मेट, ग्रीक, रशियन, मधेच एखादा आपला केरळचा, सगळे एकाच इंग्रजीच्या वेगवेगळ्या भाषांत बोलणारे. जहाजाचं नाव, कुठून आलं, कुठे चाललं, बंदरात वाट दाखवणारा पायलट किती वाजता. मग पुढचं जहाज. मग पुढचं. कोह थोडा वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, “बस डेपोसारखंच आहे,” आणि निघून गेले.

सोमवारपासून जहाज कधीही येईल असा निशिकांतरावांचा अंदाज होता. सोमवारी सकाळी सहाला ते हेडफोन लावून बसले. पूर्वी आठ-आठ तास बसायचे, पण तेव्हा कान तिशीतले होते. आता डाव्या कानात एक बारीक शिट्टी कायमची वाजत असायची आणि उजवा कान दुपारपर्यंत तापायचा. पाठ खुर्चीत मावायची नाही. प्रत्येक नावाशी दचकायचं, नाव वेगळं निघालं की परत मागे टेकायचं. दिवसाला शंभर-सव्वाशे वेळा. वाट बघणं हे काम किती अंगमेहनतीचं आहे, हे जहाजावर असताना त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हा वाट बघायचं काम मुलुंडला प्रेमाताईंकडे असायचं.

“काय म्हणतोय?” त्या दर थोड्या वेळाने विचारायच्या.

“कुणी लायबेरियाचा आहे. पायलटवर चिडलाय.”

“आपलं?”

“नाही.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी विचारणंही सोडलं. नुसतं बघायच्या. निशिकांतराव मानेनेच नाही म्हणायचे.

मंगळवारी दुपारी दोनला आभाळ आलं. सिंगापूरला दुपारचं आभाळ येणं म्हणजे नळाला पाणी येण्यासारखं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण पहिला गडगडाट झाला, आणि ठरल्याप्रमाणे प्रेमाताई म्हणाल्या, “काढा.”

“लांब आहे अजून.”

“पहिला आवाज आला की काढायचं, असं ठरलंय. अँटेनाची वायर काढा, प्लग काढा, आणि खिडकीपासून इकडे या.”

“प्रेमा, अगं अँटेना घरात आहे. बाराव्या मजल्याच्या आत येऊन वीज माझ्या पडद्यावर पडणार आहे का?”

“तुमच्या गोष्टीत ती कढईत पडते.” त्या थांबल्या, दम घेतला. “मुलगा समुद्रात, आणि तुम्ही त्या तारेला कान लावून बसणार. मी दोघांची वाट बघू का? काढा.”

त्यांनी काढलं. केबल गुंडाळून खुर्चीवर ठेवली, डबा मुका झाला. बाहेर पाऊस असा कोसळत होता की पाण्याची पट्टी दिसेना, करंज्या दिसेनात. दोघं कोचावर शेजारी शेजारी बसून होती. एक वीज बहुतेक समोरच्याच ब्लॉकवर पडली. सगळा हॉल पांढरा झाला आणि तन्वीच्या फ्रिजवरचे कागद थरथरले. दीड तास वादळ चाललं. दीड तासात किती जहाजं शिरली असतील, याचा हिशेब ते मनात करत होते आणि तो करायचा नाही असं स्वतःला बजावतही होते.

शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाला, तेव्हा प्रेमाताईंनी मान हलवली. निशिकांतरावांनी परत सगळं जोडलं, ते खुर्चीत बसले, हेडफोन चढवला. आणि झोपले.

जाग आली ती तन्वीच्या हाताने. ऑफिसातून आली होती, लॅपटॉपची बॅग अजून खांद्यावरच. साडेपाच वाजले होते. डबा बोलतच होता, त्यांच्या कानात, बहुतेक दीड तास.

“आलं का?” तन्वीने ओठांनीच विचारलं.

निशिकांतरावांनी प्रेमाताईंकडे बघितलं. त्या जाग्या होत्या. नवरा झोपलाय हे त्यांनी बघितलं होतं आणि त्याला उठवलं नव्हतं.

“आलं नाही,” ते म्हणाले. पण ते त्यांना माहीत नव्हतं. आलं असेल. वादळात आलं असेल, झोपेत आलं असेल. किंवा एडनच्या अलीकडे आलंच नसेल. चौतीस वर्षांत ड्यूटीवर डोळा लागला नव्हता, निदान ते तसं सांगत आले होते.

तन्वी त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. नळ सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. “बाबा, उद्या बाराला ॲडमिट करायचंय. आज डॉक्टरांचा फोन होता. आई नाही म्हणाली तर पुढची तारीख सहा आठवड्यांनी. ते म्हणाले, सहा आठवडे...” तिने नळ बंद केला. परत सोडला. “तुम्ही काहीतरी करा.”

“मी काय करू?”

“मला काय माहीत! आयुष्यभर सांगताच ना काहीतरी!”

बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं. तिने बाबांच्या पाठीवरून हात फिरवला, जिथे खुर्चीचं कापड उमटलं होतं, आणि कुकर लावायला वळली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, प्रेमाताई दहा वाजून वीस मिनिटांनी अंघोळीला गेल्या. बरोबर तन्वी गेली, कारण आता एकटीने जमत नव्हतं. बॅग भरलेली नव्हती. प्रेमाताईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, “बॅगेला हात लावू नका.”

निशिकांतराव डब्यासमोर बसले. जहाजं बोलत होती. एक पनामाचं, एक कुठल्याशा सिमेंटचं, एक चिनी. मग थोडी शांतता. त्या शांततेत त्यांना कळलं की आता आपल्याला एक खोटं रचायचंय, आणि ते त्यांना येत नाही.

म्हणजे खोटं येत होतं, पोतंभर येत होतं. कॅप्टनने आधी नाव सांगितलं आणि मागून प्रबोधचाच खोकला ऐकू आला. नको. चाच्यांची होडी लागली होती मागे, पण प्रबोधने इंजिनातून असा धूर सोडला की चाचे एकमेकांवरच गोळ्या झाडत बसले. नको, नको. हे सगळं खोटं म्हणूनच जन्माला आलेलं, हसायला. यातलं एकही घेऊन ऑपरेशनच्या कागदावर सही मागायला जाता येणार नव्हतं. जे खोटं खरं वाटायला हवं ते कसं असतं? त्यांनी पुष्कळ आठवलं. खरं कसं असतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. चौतीस वर्षं त्यांनी ते लॉगबुकात लिहिलं होतं. वेळ. चॅनेल. जहाजाचं नाव. मजकूर. खाली रेघ. विशेषण एकही नाही.

त्यांनी फोनच्या बिलाच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं: १०.४२. ऑर्किड मेरिडियन. सुएझहून. पायलट १५.३०. वाचून बघितलं. अक्षर तेच, लॉगमधलं. हात जरासुद्धा हलला नव्हता, याचीच त्यांना शिसारी आली.

आणि समजा ते जहाज खरंच कुठे...? हा विचार त्यांनी अर्ध्यावर सोडला. पूर्ण करायचं त्राण नव्हतं.

प्रेमाताई बाहेर आल्या, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला, एक हात तन्वीच्या खांद्यावर. निशिकांतरावांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“आलं,” ते म्हणाले.

प्रेमाताई उभ्या होत्या तिथेच थांबल्या. तन्वीच्या तोंडातून एक आवाज निघाला, रडण्यासारखा.

“दहा बेचाळीसला रिपोर्ट केलं. साडेतीनला पायलट आहे.” त्यांनी पाकीट पुढे केलं. “नांगर टाकला की फोन करील. रात्र होईल.”

प्रेमाताईंनी पाकीट घेतलं. चष्मा नव्हता, तरी पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग तन्वीला म्हणाल्या, “बॅगेत माझी निळी शाल ठेव. तिथे एसी फार असतो.”

टॅक्सी निघाली. एक्सप्रेसवेवर डाव्या हाताला मधून मधून समुद्र दिसत होता, त्यावर नांगरलेल्या जहाजांची रांग. प्रेमाताई उजवीकडे बघत होत्या. तन्वी पुढच्या सीटवरून दर दोन मिनिटांनी मागे वळून हसत होती, आणि तिला ते हसू कुठे ठेवावं कळत नव्हतं. तिला वाटत होतं जहाज आलंय. तिला सांगायला वेळच मिळाला नव्हता, आणि निशिकांतरावांना आता वाटत होतं की बरं झालं नाही मिळाला, एक तरी माणूस खूश आहे.

हॉस्पिटलात नावं झाली, रक्त झालं, हातात पट्टी बांधली. वॉर्ड सातव्या मजल्यावर. तन्वी खाली उरलेले कागद करायला गेली. डॉक्टर येऊन सगळं समजावून गेले, चित्र काढून. प्रेमाताईंनी चित्रातली एक चूक दाखवली, डॉक्टरांनी ती मान्य केली. मग सिस्टर फॉर्म घेऊन आली. इथे वाचा, इथे वाचा, इथे सही.

प्रेमाताईंनी पेन हातात घेतलं आणि नवऱ्याकडे बघितलं. “किती वाजता म्हणालात?”

“दहा बेचाळीस.”

“कोण बोलत होतं?”

“सेकंड मेट असावा. कॅप्टन नव्हता.”

“काय म्हणाला?”

“नाव. सुएझहून आलो. पायलट किती वाजता.”

“आणखी?”

इथे निशिकांतरावांच्या दातांमागे गर्दी झाली. खोकला आला, धूर आला, चाचे आले, जहाजाच्या शिडीवर बसलेला एक समुद्रपक्षी आला, ज्याला फक्त कोकणी कळत होतं. सगळे दार ठोठावत होते. त्यांनी दार उघडलं नाही. इतकं कष्टाचं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

“आणखी काही नाही,” ते म्हणाले. “मग पुढचं जहाज बोलायला लागलं.”

प्रेमाताईंनी सही केली. सावकाश, पूर्ण नाव, वळणदार, प्रगतिपुस्तकावर करायच्या तशी. सिस्टरने फॉर्म घेतला, थँक्यू मॅडम म्हणाली, आणि पडदा ओढून गेली. तिची पावलं लांब गेली. निशिकांतरावांनी उगाच पाण्याच्या ग्लासावरचं झाकण काढलं, परत ठेवलं. आता सुटलो, असं त्यांना वाटायला हवं होतं. वाटत होती ती फक्त झोप.

“अहो.”

“काय गं?”

“बसा इथे.” त्यांनी पलंगावर हाताने जागा दाखवली. ते बसले. त्यांचं मनगट धरून त्या म्हणाल्या, “वाईट काही ऐकलेलं नाही तुम्ही. तेवढं मला तोंडावर दिसतं. नाहीतर मी सही केली नसती.”

“मग?”

“मग काय मग! कोपऱ्यावरून कोथिंबीर आणलीत तरी तुम्हाला वाटेत वाघ भेटतो. आणि आज पोरगा एवढ्या दर्यातून सुखरूप आला, तर तुमच्याकडे चार ओळी? त्यासुद्धा पाकिटावर?” त्यांना दम लागला. त्यांनी तो घेतला, पुरता, आणि मनगट सोडलं नाही. “खोटं सांगितलंत. जहाज आलेलं नाही.”